आर्यनला गाडी लावताना

पुण्यात मंडईकडे निघालेल्या माणसाला घरचे आजही सांगतात, "आर्यनला गाडी लाव आणि चालत जा." सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या लेखी आर्यन म्हणजे वाहनतळ. महापालिकेने त्याला रीतसर वेगळं नाव दिलंय, पण ते कुणाच्या तोंडी नाही. आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह. गंगाधर नथुजी पाठक यांनी ते १९१५ साली सुरू केलं आणि ऐंशीच्या दशकात ते पाडलं गेलं. जवळच मिनर्वा होती, तिचाही वाहनतळच झाला. जुन्या टॉकीजवर गहिवरून लिहिलेलं काही वाचलं की मला आर्यनची पार्किंगची पावती आठवते. नाव जिवंत ठेवायला फारसं काही लागत नाही, हे तिने मला शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी शेवटची उरलेली टॉकीज पाडायला काढली. एकेकाळी तीन होत्या. एकीचं मंगल कार्यालय झालं, दुसरीत खताचं गोडाऊन आहे. तिसरी बरीच वर्षं साउथच्या डब पिक्चरांवर तगली आणि कोरोनात बंद झाली ती बंदच राहिली. पाडण्याआधी कुणाच्या तरी डोक्यात आलं की निरोपाचा कार्यक्रम करू. खुर्च्या मंडपवाल्याकडून आणाव्या लागल्या, कारण आतल्या खुर्च्या भंगारात गेल्या होत्या. तीस वर्षं मशीन चालवलेल्या ऑपरेटर मामांना शाल-श्रीफळ दिलं. भाषणं झाली. पिटातल्या शिट्ट्या, इंटरव्हलचा वडा, ब्लॅकवाल्याची ऐट, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाहिलेला शेवटचा खेळ, सगळं निघालं. दोघातिघांचे डोळे पाणावले, त्यात मीही होतो. मग मागून मोबाइलच्या दुकानाचा पोरगा म्हणाला, "काका, पिक्चर बघायचाय की रडायचंय? पिक्चर यात आहे." आणि त्याने फोन वर धरला. हशा पिकला. तिथून जो वाद सुरू झाला तो चहाच्या गाड्यावर रात्री अकरापर्यंत चालला आणि गावात अजून मिटलेला नाही. एकीकडे 'आमचं बालपण पाडताय' असं म्हणणारे, दुसरीकडे 'काळ बदलला, सोडा आता' असं म्हणणारे.

घरी येताना हिशेब केला. बालपण पाडताय म्हणून ज्यांचा आवाज चढला होता, त्यांतला एकही गेल्या पंधरा वर्षांत त्या टॉकीजमध्ये तिकीट काढून बसला नव्हता. मी शेवटचा कधी गेलो होतो ते मला आठवेना.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या गावात शंभर रुपयांच्या आत, चालत जाऊन, अनोळखी माणसांच्या शेजारी अंधारात बसून पिक्चर बघायची एक तरी जागा असली पाहिजे. ती राहते की जाते हे कर, जमिनीचे नियम आणि वितरणाच्या अटी यांवर ठरतं. आपल्या गहिवराने तिच्यात एका खुर्चीची भर पडत नाही. आठशे-हजार खुर्च्यांची जुनी टॉकीज वाचवायच्या भानगडीत पडूच नये, ती खुशाल जाऊ द्यावी. मागायचंच तर तिच्या जागी दीडदोनशे खुर्च्यांचे दोन पडदे मागावेत, आणि ते मालकाच्या भावनांना हात घालून नव्हे, तर सरकारकडून आणि नगरपालिकेकडून हक्काने मागावेत.

मोबाइलवाल्या पोराचं बोलणं उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. ज्या टॉकीजसाठी आम्ही हळहळत होतो ती कशी होती? खुर्चीत ढेकूण, मुतारीचा वास चौथ्या रांगेपर्यंत, पंखे भिंतीला आणि हवा फक्त भिंतीलाच. आवाज असा की खलनायक काय म्हणाला ते दुसऱ्यांदा बघताना कळायचं. सुरक्षेचं तर नाव काढू नये. १९९७ च्या जूनमध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली आणि ५९ माणसं मेली. त्या बातमीनंतर आम्ही मित्र आमच्या टॉकीजची दारं मोजायला गेलो होतो. चारपैकी दोन दारांना बाहेरून कुलूप होतं, फुकटे आत शिरतात म्हणून. आणि प्रेक्षकांचं प्रेमही नेहमी गोजिरं नसतं. २०२३ च्या दिवाळीत मालेगावच्या एका टॉकीजमध्ये लोकांनी पडद्यासमोर रॉकेटं उडवली, ती माणसांच्या डोक्यांवरून गेली. त्याचे व्हिडिओ आपण 'याला म्हणतात क्रेझ' म्हणत पुढे पाठवले.

याहून मोठी गोष्ट म्हणजे टॉकीजच्या या आठवणी बहुतेक पुरुषांच्या आहेत. निरोपाच्या कार्यक्रमात सात भाषणं झाली, सातही पुरुषांची. माझ्या आईने त्या टॉकीजमध्ये आयुष्यात दोनदा पाऊल ठेवलं. एकदा 'जय संतोषी माँ'ला, जेव्हा बायका दाराशी चपला काढून आत जात होत्या, आणि एकदा १९९१ मध्ये 'माहेरची साडी'ला. दोन्ही वेळा दुपारचा खेळ, सोबत शेजारच्या चारजणी आणि बसायला बायकांच्या बाजूची बाकं. संध्याकाळच्या खेळाला बाई एकटी गेली तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. अंधारात चाचपडणारे हात होते, त्याबद्दल भाषणात कोण बोलणार? मल्टिप्लेक्सने बाईला आकडा घातलेली खुर्ची दिली, स्वच्छ संडास दिला, उजेडाची वाट दिली. हा उपकार छोटा नाही. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला नऊवारी नेसून, गॉगल लावून घोळक्याने गेलेल्या बायका मराठी सिनेमाने इतक्या संख्येने फार वर्षांनी पाहिल्या.

आता याच उदाहरणापाशी थांबतो, कारण माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाही इथेच आहे. माझी वहिनी आणि तिच्या भिशीतल्या दहाजणी तो पिक्चर बघायला सोलापूरला गेल्या. जायला साठ किलोमीटर, यायला साठ. क्रूझर ठरवली. तिकीट, गाडीचा वाटा, तिथलं खाणं मिळून माणशी सातशेच्या वर गेले. एकजण ऐन वेळी गळाली. तिच्या घरी पैशावरून काही झालं नव्हतं, पण सातशे रुपये पिक्चरवर खर्चायचे हे तिलाच पटेना. या अकराही जणींकडे स्मार्टफोन होते, दोघींकडे ओटीटीही होतं. मग त्या का गेल्या? फोनवर पिक्चर बघता येतो हे ज्याला आमच्याइतकंच ठाऊक आहे, तो पुण्यातला नोकरदार शुक्रवारी रात्री साडेतीनशेचं तिकीट का काढतो? ज्यांच्याकडे गाडी आहे, पैसे आहेत ते थिएटरला जातच आहेत. 'फोन आहे ना, मग कशाला हवंय थिएटर' हे शहाणपण नेमकं ज्यांना थिएटर परवडत नाही त्यांनाच का ऐकवलं जातं? शहरात वाचनालय काढताना कुणी 'लोकांकडे पुस्तकं आहेत' असं म्हणत नाही.

टॉकीजमध्ये सगळे एका छताखाली यायचे, जात-पात गळायची, असं आमच्या कार्यक्रमात एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. हा दावा नीट तपासला पाहिजे, कारण तो अर्धा खरा आहे आणि बोलताना नेहमी पूर्ण करून सांगितला जातो. कार्तिगेसु शिवतंबी या तमिळ अभ्यासकाने फार पूर्वी मांडलं होतं की सगळे तमिळ लोक पहिल्यांदा एका छताखाली बसले ते सिनेमागृहात, आणि तिथली बैठक जन्मावर न ठरता ऐपतीवर ठरली. त्या काळाचा विचार करा. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागत होता. तेव्हा पैसे टाकले की खिडकीतून तिकीट बाहेर येणं ही लहान गोष्ट नव्हती. आपल्याकडेही चित्र फार निराळं नसावं. पण पुढचं वाक्य आपण गाळतो. छत एक असलं तरी जिने दोन होते. बाल्कनीचा जिना रस्त्यावरून, पिटाचं दार बोळातून. बाल्कनीतल्या वकिलाच्या मुलाने खालच्या हमालाच्या मुलाला पाहिलंच नाही. शिट्टी ऐकली, एवढंच. तरी ती शिट्टी ऐकली जात होती. ज्या विनोदावर खालचे हसतात त्यावर वरचे अर्ध्या सेकंदाने हसतात, हे अंधारात कळायचं. समतेच्या नावाखाली एवढंच होतं आणि मी ते जास्त फुगवणार नाही. पण आज ते अर्धा सेकंदसुद्धा कुठे मिळतं ते मला दाखवा.

'काळ बदलला' या दुसऱ्या बाजूच्या आवडत्या वाक्याकडे येऊ. टॉकीज आपोआप, वय होऊन मेली, असं या वाक्यात गृहीत धरलेलं असतं. या मरणाची कागदपत्रं काढली तर त्यावर सरकारी शिक्के दिसतात. मुंबई इलाख्यात करमणुकीवरचा कर लागला तो १९२३ च्या कायद्याने, आणि तो कायदा जीएसटी येईपर्यंत, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षं टिकला. पिक्चर बघणं ही चैन आहे, गोरगरिबांनी ती करू नये आणि केली तर भरावा कर, ही साहेबाची समजूत स्वातंत्र्यानंतर आपण तशीच चालू ठेवली. एके काळी मुंबईत हा कर पंचेचाळीस टक्क्यांवर होता. २००१ मध्ये राज्याने मल्टिप्लेक्सना उत्तेजन द्यायचं ठरवलं. नव्याने बांधणाऱ्याला पहिली तीन वर्षं पूर्ण करमाफी, पुढची दोन वर्षं मोठी सवलत. धोरण म्हणून ते वाईट नव्हतं, चांगली थिएटरं हवीच होती. पण रस्त्याच्या अलीकडची जुनी टॉकीज पूर्ण कर भरतेय आणि पलीकडची नवी भरत नाहीये, या शर्यतीत अलीकडचा हरला तर त्याला काळाचा महिमा म्हणायचं? त्याच पाच वर्षांत अलीकडच्याला खुर्च्या बदलायला, संडास बांधायला तेवढीच माफी दिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के लागले. दीड वर्षाने ते १२ झाले आणि सप्टेंबर २०२५ पासून ५ आहेत. स्वस्त तिकीट स्वस्त राहावं हे दिल्लीला अखेर पटलं म्हणायचं. पटलं तेव्हा शंभराच्या आत तिकीट विकणाऱ्या किती खिडक्या उघड्या होत्या, ते आपापल्या तालुक्यात मोजून बघा.

करापेक्षाही न दिसणारं एक ओझं आहे आणि ते मला मामांनी समजावलं. मामा म्हणजे जुन्या पद्धतीचे ऑपरेटर. केबिनमध्ये दोन मशीन शेजारी शेजारी, प्रत्येकात कार्बनच्या दोन कांड्या, त्यांची टोकं जवळ आणली की डोळे दिपवणारी ज्योत. ती उघड्या डोळ्यांनी बघायची नाही, काळ्या काचेतून बघायची. कांडी जळत जाते, अंतर वाढतं, उजेड पिवळा पडतो, म्हणून दर थोड्या वेळाने चावी फिरवून कांड्या जवळ आणायच्या. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. दुसरा ठिपका आला की त्या क्षणी दुसऱ्या मशीनचा उजेड उघडायचा. "चुकलं तर खालून आईबहीण निघायची," मामा म्हणाले, "आणि नाही चुकलं तर मी वर आहे हे कुणाला ठाऊकच नसायचं." प्रिंटच्या पेट्या एसटीने यायच्या, त्याही मोठ्या शहरांत पिक्चर चालून जुना झाल्यावर. रिळावर रेघा पडलेल्या, गाणी मध्येच तुटलेली. आमच्या गावाला नवा पिक्चर पहिल्या शुक्रवारी मिळाला तो उपग्रहावरून डिजिटल खेळ यायला लागल्यावर. म्हणजे टॉकीजचा सुवर्णकाळ म्हणून आपण जो सांगतो, तेव्हा आपण इतरांनी बघून झालेला पिक्चर बघत होतो. तंत्रज्ञानाने तालुक्याला मारलं नाही, उलट शहराच्या बरोबरीला आणलं.

मग मारलं कशाने? मामांच्या मते खुर्च्यांच्या संख्येने. पडदा एक आणि खुर्च्या आठशे. मोठा हिंदी पिक्चर येणार असला की वितरकाचं म्हणणं, चारही खेळ आम्हालाच हवेत, नाहीतर पिक्चर मिळणार नाही. मालकाने चारही दिले तर पहिले तीन दिवस गर्दी, मग आठवडाभर आठशे खुर्च्यांत चाळीस डोकी. नाही दिले तर तो पिक्चर साठ किलोमीटरवर, आणि गर्दीही तिकडे. या ओढाताणीत मराठी पिक्चरला दुपारचा बाराचा खेळ मिळायचा आणि दुसऱ्या शुक्रवारी तोही जायचा. मल्टिप्लेक्सवाल्याला ही अडचण नाही. तो मोठा पिक्चर तीन पडद्यांवर लावतो, छोटा एकावर, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल करतो. त्याची खरी ताकद पॉपकॉर्न किंवा गालिच्यात नाही, या अदलाबदलीत आहे. तालुक्याच्या गावाला नेमकी ती हवी. दीडशे खुर्च्यांचे दोन पडदे असते तर चाळीस माणसांच्या खेळाने मालक बुडाला नसता.

जतन करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही ते याच कारणाने. मुंबईची रिगल १९३३ ची, इरॉस १९३८ ची. दोन्ही देखण्या, आणि दक्षिण मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली तेव्हा मलाही आनंद झाला. इरॉस अनेक वर्षं बंद राहून २०२४ मध्ये पुन्हा उघडली. बाहेरचं रूप तसंच राखलं, आत आयमॅक्स. छान आहे. पण जतनाचा कायदा दर्शनी भिंत वाचवतो, तिकिटाचा दर वाचवत नाही. आमच्या टॉकीजला तर दर्शनी भिंत म्हणावी असं काही नव्हतंच. पत्र्याचं छप्पर, चुन्याची भिंत आणि दारावर पेंटरने काढलेली दोन हंसांची जोडी, त्यातला एक बदकासारखा दिसायचा. तिला वारसा कोण म्हणणार? 'जुन्या वास्तू वाचवा' ही घोषणा मोठ्या शहरांतल्या राजवाड्यांच्या कामाची. तिच्या सावलीत तालुक्यातल्या शेडचा प्रश्न दिसेनासा होतो. पुण्याच्या प्रभातचंच घ्या. १९३४ पासूनची ही टॉकीज २०१४ च्या अखेरीस मूळ मालकांकडे परत गेली तेव्हा पुण्यात जेवढं लिहिलं-बोललं गेलं, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही जिल्ह्याजिल्ह्यांत बंद पडलेल्या टॉकीजबद्दल लिहिलं गेलं नाही. आणि प्रभातच्या जागी पुढे पिक्चर चालूच राहिले!

हे सगळं आपल्याकडे आधी एकदा घडून गेलंय, पडद्याबद्दल नव्हे, रंगमंचाबद्दल. १९३१ च्या मार्चमध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला हिंदी बोलपट लागला आणि पुढच्या काही वर्षांत संगीत नाटक मंडळ्यांचा कणा मोडला. नाटकाच्या थिएटरांत पडदे लागले. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउससुद्धा सिनेमाचं झालं. तेव्हाही गहिवराचे लेख निघाले, तेव्हाही काळ बदलला म्हणणारे होते. मग मराठी नाटक वाचलं कसं? चांगली नाटकं लिहिली गेली हे खरंच. पण दुसरं अर्धं उत्तर विटा आणि सिमेंटचं आहे. पुणे महापालिकेने १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. त्या पिढीत आणि त्यानंतर कितीतरी शहरांच्या पालिकांनी आपापली नाट्यगृहं बांधली. बाजाराला नाटकाची जागा परवडेना तेव्हा ती गावाने परवडवून घेतली. आज मराठी नाटक दौऱ्यावर निघतं ते बहुतेक या पालिकांच्या दारी.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे. त्या नाट्यगृहांची अवस्था बघा! एसी बंद, संडासात पाणी नाही, मेकअपरूममध्ये उंदीर. बरोबर आहे. नट मंडळी दर वर्षी तक्रार करतात आणि दर वर्षी ती खरी असते. शिवाय ज्या नगरपालिकेला चार दिवसांतून एकदा पाणी देता येत नाही तिने थिएटर चालवावं, हे ऐकायलाच विनोदी वाटतं. मी स्वतः त्या नगरपालिकेचा करदाता आहे, मला कुणी समजावू नये. तरी एक गोष्ट बघा. एसी बंद असलेलं नाट्यगृह दुरुस्त होऊ शकतं. नसलेलं होत नाही, कारण एकदा त्या जागेवर गाळे उठले की गावाच्या मध्यावर तेवढी मोकळी जागा शंभर वर्षांत पुन्हा मिळायची नाही. आणि पालिकेने स्वतः तिकिटं फाडावीत असं माझं म्हणणं नाहीच. चार भिंती तिच्या, चालवणारा ठेकेदार, आणि करारात दोन ओळी ठळक अक्षरांत: सकाळ-दुपारच्या तिकिटाचा दर शंभराच्या आत, आणि रोज एक खेळ मराठी. केरळमध्ये तर राज्याचं चित्रपट महामंडळ स्वतःची थिएटरं चालवतं. तिरुवनंतपुरमची कैरली, श्री, निळा ही त्यातलीच. तिथे आभाळ कोसळलं नाही.

आपल्या सरकारने सिनेमासाठी काही केलं नाही असं कुणी म्हणू नये. मराठी चित्रपटांना करपरतावा १९७५ पासून मिळाला, पुढे अनुदानं आली, गोरेगावला चित्रनगरी झाली, कोल्हापूरला झाली. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी पिक्चरला मोक्याची वेळ द्यावी म्हणून फर्मान निघालं आणि त्यावर पंधरा दिवस पॉपकॉर्न विरुद्ध वडापाव अशी टीव्हीवर लढाई झाली. पन्नास वर्षं पिकाला खत आहे, बियाण्याला पैसा आहे, आणि मोंढा मात्र बंद! पिक्चर काढायला मदत करायची आणि तो लागायची जागा बाजारावर सोडायची, यात काय शहाणपण आहे हे मला कुणी तरी सांगावं. ज्या पन्नास-साठ मराठी पिक्चरांना दर वर्षी एक आठवडाही धड मिळत नाही, ते वाईट असतात म्हणून पडतात असं म्हणणं सोपं आहे. काही असतातही. पण वाईट पिक्चर पडायलासुद्धा आधी कुठेतरी लागावा लागतो.

राहता राहिले मालक. गावकऱ्यांनी त्यांना खलनायक करून टाकलंय आणि ते मला मंजूर नाही. चित्रपटगृह पाडून दुसरं बांधायचं तर नव्या इमारतीतही चित्रपटगृह ठेवा, अशी अट आपल्याकडे आहे आणि ती काढून टाका म्हणून मालकांच्या संघटना कित्येक वर्षं सरकारदरबारी खेटे घालतायत. त्यांचा मुद्दा रोकडा आहे: किराणा दुकान बंद करून कुणी कापडाचं काढलं तर त्याला एक कोपरा किराण्याचा ठेव असं आपण सांगतो का? आपल्याला आठवणी येतात म्हणून त्यांनी तोट्यात का चालवायचं? याला प्रामाणिक उत्तर एकच आहे. गावाला ती जागा हवी असेल तर किंमत गावाने मोजावी. जो मालक नव्या इमारतीत दोन छोटे पडदे ठेवील त्याला बांधकामाची जादा मुभा द्या, त्या मजल्याची घरपट्टी माफ करा, विजेचा दर व्यापारी लावू नका, आणि २००१ मध्ये मल्टिप्लेक्सला दिली होती तशी पाच वर्षांची करमाफी राज्याच्या वाट्यातून परत करा. हे दिल्यावर अट कडक ठेवा. आज अट आहे आणि मदत नाही. परिणाम असा की मालक इमारत पाडतही नाही, चालवतही नाही. दाराला कुलूप लावतो आणि छप्पर स्वतःहून पडायची वाट बघतो. आमच्या टॉकीजचं तेच झालं.

संक्रांतीनंतर पुन्हा गावी गेलो तेव्हा तिथे हिरवं कापड बांधलं होतं आणि बाहेर बिल्डरचा फलक. तळमजला अधिक चार, गाळे आणि वन-टू बीएचके, चित्रात झाडं आणि गोरी माणसं. चौथ्या मजल्याच्या रेखाटनात एका चौकोनात 'सभागृह' लिहिलेलं होतं. साइटवरच्या इंजिनिअर पोराला विचारलं, तर म्हणाला, "थिएटरची अट आहे ना सर, तेवढ्यापुरतं दाखवलंय. नंतर जिम करतील बहुतेक."

शेजारी मामा उभे होते. सत्काराची शाल थंडीला उपयोगी पडत होती. त्यांनी चष्मा वर करून तो चौकोन बराच वेळ पाहिला आणि पोराला विचारलं, "बाळा, मागच्या भिंतीला खिडकी कुठंय?"

"कसली खिडकी?"

"मशीनची."

पोराने नकाशा उलटा-सुलटा केला. मामांनी खिशातून पेन काढून चौकोनाच्या मागच्या रेघेवर, जमिनीपासून उंची अंदाजाने धरून, दोन बारीक खुणा केल्या. एक मशीनसाठी, म्हणाले, आणि एक ऑपरेटरला बघायला.